वाचून दाखवणाऱ्याची सही

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पंधरा वर्षं! लिहिताना हात कसा थरथरला नाही गं तुझा? फॉर्मवर वय शहात्तर, आणि त्याच्याच खालच्या रकान्यात, ‘ही रक्कम किती काळ लागणार नाही?’ तर म्हणे पंधरा वर्षं. मला काय अमरपट्टा बांधून दिलायस? तुझ्यासमोर पलंगावर बसून सांगितलं होतं की दोन वर्षांत गुडघ्याचं ऑपरेशन करायचंय, पैसे हाताशी पाहिजेत. तू मान हलवलीस, ‘हो गं आजी’ म्हणालीस, आणि पंधरा लिहिलेस.

आता रीतीचं. भिंगरे, तुला आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघा सोडून. तुझा बाप बरा आहे, खोकतो. तुझी आई चार दिवस माझ्याशी गोड बोलतेय, म्हणजे तिच्या कानावर सगळं आलेलं आहे. शिंप्यानं दुकानात काज करायचं मशीन आणलं, त्यामुळं हाताच्या काजांचं काम माझ्याकडं आता फक्त कोटांपुरतं येतं. आणि कोट शिवून घेतो कोण हल्ली?

फोन मी अकरा वेळा केला. अकराही वेळा एक बाई म्हणाली की तू व्यस्त आहेस. मी तिलाही चार शब्द सुनावले. मग तुझी आई म्हणाली, ‘आई, ती खरी बाई नसते, आवाज भरून ठेवलेला असतो.’ असू दे. तिनं ऐकलं तरी, उलट बोलली नाही. शेवटी पत्र लिहायला बसले. माझी तिसरी यत्ता, अक्षर म्हणजे कोंबडी शाईतून चालत गेलेली, पण वाच. शेवटपर्यंत वाच.

झालं असं. आपल्या इस्त्रीवालीच्या गाळ्याच्या मालकानं निरोप धाडला, की महिनाअखेर नवी आगाऊ रक्कम भर, नाहीतर गाळा मोकळा कर. तीस वर्षं ती त्या गाळ्यात उभी आहे. शिंप्याचे कपडे मी काज करून पाठवायचे, ती इस्त्री करायची, अशी आमची ओळख. निरोप आला तशी ती माझ्याकडं आली, आणि चक्क हसत आली. म्हणाली, “ताई, बरं झालं माझे पैसे तुमच्या नातीकडं ठेवलेत. घरात असते तर कधीच उडाले असते. चला, काढून आणू.”

गेलो तुझ्या गुंतवणुकीच्या ऑफिसात. तू नव्हतीस. ‘मॅडम प्रशिक्षणाला गेल्यात.’ तुला अजून काय शिकायचं राहिलंय ते देव जाणे. बसायला दिलं ते असं मऊ, की बसलं की बुडालं. उठताना इस्त्रीवालीनं मला ओढून काढलं. भिंतीवर एका म्हाताऱ्या जोडप्याचा मोठा फोटो, दोघं पाण्याकाठी खिदळतायत, दोघांचेही दात शाबूत. खिडकीतल्या मुलीनं आमचे कागद काढले. पोरगी चांगली होती, ‘आजी’ म्हणत होती, आवाज चढवत नव्हती. कागद बघून म्हणाली, “आजी, तुम्ही आक्रमक आहात.”

मी काही म्हणायच्या आत इस्त्रीवाली म्हणाली, “ते आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे बाई. पण तुमच्याकडं लेखी आहे?”

हसलो तिघी. मला खरंच वाटलं, तू माझ्या जिभेबद्दल काही लिहून ठेवलंस. मग त्या मुलीनं समजावलं. आक्रमक म्हणजे नुकसानीला न भिणारा माणूस. त्याचा पैसा नव्या, छोट्या कंपन्यांच्या शेअरमधे घालतात. दुप्पट होईल नाहीतर बुडेल. अगं, मी दूध तापायला ठेवलं की शेगडीपासून हलत नाही, आणि मी न भिणारी? फॉर्मवर एक प्रश्न आहे. तुमची गुंतवणूक अचानक पाचव्या हिश्श्यानं घसरली तर काय कराल? तू मला तो विचारला होतास, आठवतं? मी म्हटलं होतं, ‘ज्यानं विकली त्याच्या दारात जाऊन बसेन.’ तू हसलीस आणि खूण केलीस. काय खूण केलीस ते आता पाहिलं. ‘आणखी गुंतवेन.’

इस्त्रीवालीचा कागद काढला. तीही आक्रमक! जी बाई समोरून कुत्रं आलं तर थांबून त्याला आधी जाऊ देते, ती! शंभरातले बासष्ट उरलेत म्हणे, आणि तीन वर्षांच्या आत काढले तर त्यातूनही कापणार. तिनं विचारलं, “बाकीचे कुठं गेले?” मुलगी म्हणाली, “मावशी, सध्या बाजार खाली आहे.” ही उठली आणि रस्त्याकडच्या खिडकीतून वाकून खाली बघायला लागली.

त्या वेळी मी हसले नाही, भिंगरे.

आणि मग त्या पोरीनं, बिचारीनं भल्या मनानं, मला विचारलं, “आजी, तुम्ही मावशींची ओळख करून दिलीत, त्याचं बक्षीस पोचलं ना? खुर्ची होती.”

खुर्ची. पाय वर करायची खुर्ची. ‘माझ्या बढतीची पहिली भेट, आजी, तुझ्या गुडघ्यासाठी.’ मी गल्लीतल्या सगळ्या बायकांना त्या खुर्चीत एकेकदा बसवलं. इस्त्रीवालीला दोनदा. तिच्याच पैशाची खुर्ची, आणि तिलाच सांगतेय, बघ, कशी मऊ आहे. तू मला दलाल केलंस. बरं, दलालाला निदान आपण दलाली करतोय एवढं तरी माहीत असतं. कुंपणानं शेत खाल्लेलं मी ऐकलं होतं. कुंपणानं बुजगावण्याला हाताशी धरून खाल्लेलं पहिल्यांदाच पाहिलं.

शिंप्याचं गाठोडं आलंय बटणांचं. बाकीचं उद्या.

बुधवार

काल बटणांचं निमित्त होतं. गाठोडं अजून तसंच बांधलेलं आहे. पुढचं लिहायला हात धजत नव्हता म्हणून उठले.

तुला तो दिवस आठवत असेल. तू फॉर्म घेऊन गाळ्यावर आली होतीस. तिला लिहिता येत नाही म्हणून अंगठा घ्यायचा होता. तीनदा घ्यावा लागला, कारण इस्त्रीनं तिच्या बोटावरच्या रेषाच पुसून टाकल्यात. नुसता निळा ठिपका उमटायचा. तू म्हणालीस, ‘मावशी, तुम्ही चोरी केलीत तर सापडायच्या नाहीत.’ केवढे हसलो. सगळ्यात मोठ्यानं मी. आणि तू कागद माझ्याकडं सरकवलास, ‘आजी, इथं साक्षीदार म्हणून सही कर.’ मी केली. पूर्ण नावाची, खाली रेघ ओढून, जशी मी करते. चारचौघात सही करायची वेळ माझ्यावर कितीदा येते? ऐटीत केली.

तिचा अंगठा होता तिथं वर छापलंय: ‘वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवण्यात आला व समजावून सांगण्यात आला.’ आणि माझ्या सहीखाली साक्षीदार असं नाहीच. तिथं आहे ‘वाचून दाखवणाऱ्याची सही’.

चौदा पानं आहेत गं. मी एक ओळ वाचली नव्हती. तिला तर काय, ती कागदाकडं बघतच नव्हती. अंगठा देताना ती माझ्याकडं बघत होती.

ऑफिसात त्या मुलीनं ते मोठ्यानं वाचलं. मग इस्त्रीवालीनं मला विचारलं, “ताई, तुम्ही मला काय वाचून दाखवलंत?” चिडून नाही. आपल्याला आठवत नाहीय, ताईंना आठवत असेल, अशा सुरात. आयुष्यात मी कुणाचं उत्तर उधार ठेवलेलं नाही. सासूचं नाही, शिंप्याचं नाही, तुझ्या आजोबांचं तर नाहीच नाही. तिचं तेवढं ठेवलं. परत येताना जिन्यावर तिनं माझं कोपर धरलं, माझा गुडघा दुखतो म्हणून. तिनं मला ढकललं असतं तर बरं वाटलं असतं.

माझे काढले. निघाले तेवढे. खुर्ची शिंप्याला विकली. त्याची बायको बसते आता तिच्यात. इस्त्रीवालीचे आणि माझे एकत्र केले की गाळ्याची रक्कम भरते. गुडघ्याचं बघू. इतकी वर्षं वाकला, अजून थोडा वाकेल. तेव्हा मी पैसे मागायला लिहीत नाहीय, तो घोर लावून घेऊ नकोस.

पण ती माझे पैसे घेत नाही. सोमवारी पुडकं घेऊन गेले, तर तिनं इस्त्री बाजूला ठेवली, हात पुसले आणि पुडकं माझ्या पिशवीत परत घातलं. म्हणाली, “ताई, बाजार पडला असेल तर पडला. तो काही तुमच्या नातीनं पाडला नाही. मग मी तुमचे घेईन, आणि वर्षभरात फेडीन. पण पोरीला आधीपासून माहीत होतं, आणि माहीत असून तिनं माझा अंगठा घेतला असेल, तर मी तुमच्या घरातला पैसा घेणार नाही. गाळा गेला तरी चालेल. तिला माहीत होतं का, एवढं मला सांगा.”

मला सांगता आलं असतं. रात्र-रात्र टाके घालून माझे डोळे गेलेत, पण तुझ्या हातची खूण मला दिसते. तुझा बाप म्हणतो, ‘माहीत नव्हतं म्हण, विषय संपव, तिचा गाळा वाचेल आणि आपल्या पोरीचं नावही.’ तुझी आईही तेच म्हणते, गोड आवाजात. सोपं आहे. एक वाक्य, आणि त्याच्यावर तर सहीही लागत नाही. पण एकदा मी तुझ्या शब्दावर तिला फसवलं, तेव्हा मला ठाऊक नव्हतं. आता फसवलं तर ठाऊक असून. मग तुझ्यात नि माझ्यात फरक काय राहिला?

लहानपणी तुला काज शिकवलं तेव्हा सांगितलं होतं, कात्री चालवायच्या आधी मोज. कापलेलं कापड पुन्हा सांधत नाही. तू तेव्हाही भरभर कापायचीस आणि मी मागून रफू करून द्यायचे, शिंप्याला कळू नये म्हणून. माझीच चूक ती. हे मी रफू करणार नाही.

महिना संपायला अकरा दिवस आहेत. रविवारी गाळा दुपारपर्यंत उघडा असतो. चौदाच्या चौदा पानं घेऊन ये. तिच्या टेबलासमोर उभी राहा आणि पहिल्या ओळीपासून वाचून दाखव. ती अडवेल तिथं थांबून समजावून सांग. मी असेन तिथं, पण मधे बोलणार नाही, तू रडलीस तरी. वाचून झालं की ती तुला तेच विचारेल जे मला विचारलं. खरं बोललीस तर गाळा जाईल, ते माहीत आहे मला. तिलाही माहीत आहे. तरी तिनं विचारलंय.

मला पत्र पाठवू नकोस. बापाला पुढं करू नकोस, ऑफिसचं छापील पत्र तर धाडूच नकोस. उत्तर तू द्यायचंस, स्वतःच्या तोंडानं, आणि ते तिला.

तुझी आजी