कोपऱ्यातली हाक

मंगळवार, आकुर्डी

आज लॅपटॉपवर लिनक्सचा नवा कंपोझिटर, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या मांडणारा प्रोग्राम, लावला. खिडक्या आपोआप शेजारी शेजारी बसतात, लिहायला झकास. पण संध्याकाळभर काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग लक्षात आलं. जुन्या डेस्कटॉपवर, म्हणजे याच लॅपटॉपच्या आधीच्या मांडणीत, या वेळी पडद्याच्या कोपऱ्यात सूचनेची पाटी यायची: ‘वहिनी, उठा आता, पाठ धरेल.’ विलासभाऊजींनी, माझ्या दिरांनी, बसवून दिलेली. ते गेले, तरी पाटी रोज यायची. मी न वाचताच बंद करायचे.

नव्यात सूचना दाखवणारा प्रोग्रामच नाही, तो वेगळा टाकावा लागतो.

हे म्हणाले, “अगं, मग टाक की. नाहीतर मी ओरडतो रोज.”

टाकता येईल. पण मग ती हाक मीच मला मारलेली होईल ना?

उद्या लेख द्यायचाय. जुन्याच डेस्कटॉपवर परत आलेय. आजची वेळ टळून गेली, तरी कोपऱ्याकडे बघत बसलेय.