ऐकून तपासले

बुधवार, ९ एप्रिल

प्रिय टिटवे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा आता तिला जिना चढू देतो. वर्कशॉपमधल्या तुझ्या खुर्चीवर मी सोल्डरचं रीळ ठेवलंय, म्हणजे दुसरं कुणी बसायला नको. आईने लिही म्हटलं, म्हणून लिहिलं.

आता खरी बातमी. आपला पंखा सुधारला. कधी एकदा तुला सांगतो असं झालंय.

आपले स्पीड-कंट्रोलचे बोर्ड लावलेले सहा पंखे शाळेत गेले होते ना, ते तिथल्या, रिटायर व्हायला आलेल्या बाईंनी परत आणले. म्हणाल्या, "फुल स्पीडला मुलं नीट बसतात. हळू केला की कानात बोटं घालतात. मला तर काहीच ऐकू येत नाही." मलाही येत नव्हतं. म्हटलं, पोरांची मस्ती असेल. पण बाई खमक्या. पंख्यासकट मला वर्गातच नेलं. वाऱ्यावरून ओळखू नये म्हणून मी पंख्याची पाती काढली, पोरांची तोंडं भिंतीकडे केली आणि बारा वेळा वेग बदलला. हळू केला की बत्तीस हात वर, फुल केला की खाली. एकही चुकला नाही. एक चिमुरडी म्हणाली, "आजोबा, एवढं वाजतंय, तुम्हाला कसं कळत नाही?" आजोबा म्हणाली, ते सोडून दे.

तुला समजावायला नको, पण सांगताना मजा येतेय. हळू चालवायचा तर आपण मोटरची वीज सेकंदाला आठ हजार वेळा चालू-बंद करतो. फुल स्पीडला ती बंदच होत नाही, म्हणून शांत. हळू केला की त्या आठ हजारांची शिट्टी. मी ते पंचवीस हजारांवर नेलं, तिथे माणसाचा कान पोचतच नाही. मग ट्रान्झिस्टर इतका तापला की बोट भाजलं. तेव्हा तुझी वही उघडली. शेवटच्या पानावर तू ट्रान्झिस्टर गार ठेवणाऱ्या मोठ्या ॲल्युमिनियमच्या पट्टीचं चित्र काढून ठेवलंयस, तारीख तू गेलीस त्याच्या आदल्या दिवसाची. तशीच पट्टी कापून लावली. परवा बत्तीसही हात खाली राहिले. मी वर्गात नाचायचाच बाकी होतो.

मधे कानाच्या डॉक्टरांकडेही जाऊन आलो. आईला बोलू नकोस. माझ्या ऐकण्याचा आलेख पाच हजारांपर्यंत सरळ चालतो आणि पुढे विहिरीत पडतो. तीस वर्षं ग्राइंडरशेजारी काढली, त्याचं फळ. गेलं ते परत येणार नाही म्हणाले.

"दादा, शिट्टी वाजतेय," असं तू तीनदा म्हणालीस. आणि मी गिऱ्हाइकासमोर म्हणालो, "तुझंच डोकं वाजतंय." तू स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवलास आणि गेलीस. आठ महिने मी आईला सांगतोय की टिटवी चिडकी आहे. चूक माझी होती. मला माफ कर.

पत्रासोबत एक डबी आहे. प्रत्येक बोर्ड कानाशी धरून मी "ऐकून तपासले" असा शिक्का मारायचो, तो तिच्यात आहे. मला आता तो मारायचा हक्क नाही. टेबलावर अठ्ठेचाळीस बोर्ड तयार आहेत, शिक्क्याशिवाय एकही बाहेर जाणार नाही. येताना घेऊन ये.

आणि खुर्चीचं आईने सांगितलं नव्हतं. ते मीच लिहिलं.

तुझा,
दादा