काडी कोरी निघेपर्यंत

आई, तुला ब्राऊनी माहीत नाही. तू गेलीस त्याला चौदा वर्षं झाली, तेव्हा डोणगावात साधा वाढदिवसाचा केकसुद्धा मेहकरहून आणावा लागायचा. आता माझ्या ओट्यावर ओव्हन आहे आणि आजूबाजूच्या गावांतले लोक माझ्याकडून ब्राऊनी नेतात. चॉकलेट, लोणी, साखर, थोडा मैदा. केकपेक्षा चपटी, काळी आणि आतून ओलसर. तू पाहिली असतीस तर "हे जळलं का कच्चं राह्यलं वं?" असं विचारून ताटली बाजूला सारली असतीस. माझ्या हातचं बाजूला सारायची तुला सवयच होती. चार बायका बसलेल्या असताना एक घास घ्यायचीस आणि म्हणायचीस, "इच्या हाताले चवच नाही." बायका हसायच्या. मीही हसायची, दुसरं करणार काय.

ब्राऊनी झाली की नाही हे ओळखणं, यातच सगळा कस आहे. बाकी मापं कुणीही घेतं. आधी कडा कागदापासून सुटतात, वरची पापडी चकाकते आणि तिला बारीक तडे जातात, भांडं हलवलं तर मधला भाग किंचित थरथरतो. मग मधोमध काडी खुपसायची. ओलं पीठ लागून आलं तर कच्ची. दोन-चार ओलसर कण चिकटून आले तर झाली, तेव्हाच बाहेर काढायची, कारण बाहेर आल्यावरही ती आपल्याच गरमीनं शिजत राहते. काडी कोरी निघाली तर गेली कामातून. केकला कोरी काडी लागते, ब्राऊनीला चालत नाही. हे समजायला माझी कितीतरी भांडी वाया गेली, म्हणून मी ते कुणाला सांगत नाही. काडी घालताना माझी पाठ दाराकडे असते. सून दोन वर्षं माझ्या हाताखाली आहे. मापं तिची, कापणं तिचं, डबे भरणं तिचं. काडी माझी.

ही पाठ फिरवायची रीत मी तुझ्याकडून घेतली. साखरखेर्ड्याकडच्या आपल्या त्या गावात देवळाचा भंडारा तुझ्या रोडग्यांशिवाय होत नसे. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर शेकायचे, मग गरम राखेत पुरायचे, आणि कधी उकरून काढायचे ते तू सांगायचीस. तू सांगितल्याशिवाय कुणी राखेला हात लावत नसे. मी सतरा वर्षांची होते त्या साली बायका तुला म्हणाल्या, "आता पोरीले करू दे वं, किती वर्षं आगीपुढं बसतं?" तू म्हणालीस, "हाव, करू दे ना." आदल्या दिवशी मी तुला विचारलं, रोडगा झाला हे समजते कसं? तू तांदूळ निवडत होतीस. वर न बघता म्हणालीस, "चीर पडली का काढून घेजो. त्यात काय शिकवा लागते?"

मी राख उकरते आहे. पहिल्या रोडग्याला चीर दिसते, दुसऱ्याला दिसते, मी भराभर काढत सुटते. टोपलं भरतं. घामानं पोलकं पाठीला चिकटलंय आणि मी खूश आहे, इतकी खूश मी लग्नातही नव्हते. पंगत बसते. पहिला रोडगा फुटतो आणि आतून पांढरी कणीक निघते. "कच्चे हायेत वं बाई, अंदर कणीक तशीच हाय," कुणीतरी म्हणतं. मग एक म्हातारा मोठ्यानं म्हणतो, "कुत्र्याले टाका, त्याले पचले तर पाहा." अख्खी पंगत हसते. तू पुढे होतेस, माझ्या हातातून टोपलं घेतेस, सगळे रोडगे परत राखेत पुरतेस. नंतर एकेक काढून तळहातावर जरा उडवून बघतेस. हलका लागला तर बाहेर, जड लागला तर पुन्हा आत. चिरेकडे तू बघतसुद्धा नाहीस. हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं आणि तरी त्याचा अर्थ लावला नाही. त्यानंतर तू होतीस तोवर मला कुणी रोडगे करायला सांगितलं नाही.

आता माझं सांगते. गेल्या काही महिन्यांपासून लोक फोनवर विचारायला लागले, "काकू, सुनबाई करतात का आता? त्यांच्याच हातच्या द्या." मी "हो, हो" म्हणायची आणि दिवसभर भांडी आपटायची. मग मेहकरच्या एका क्लासच्या निरोपसमारंभाची ऑर्डर आली ती थेट तिच्याच फोनवर. ऐंशी तुकडे. पोरगी पहाटे उठली, देवापुढे दिवा लावला, सगळं एकटीनं केलं. पहिलं भांडं काढायची वेळ झाली तशी तिनं काडी घातली आणि मला हाक मारली.

"आई, काडीला जरासं लागते आहे. काढू का?"

मी वाकून बघितलं. कडा सुटलेल्या, पापडीला तडे, काडीवर दोन-चार ओलसर कण. मी आजवर केलेल्या कुठल्याही ब्राऊनीपेक्षा ती सरस होती.

"अजून दहा मिनिटं राहू दे," मी म्हटलं. "काडी कोरी निघाली पाहिजे."

"मोबाईलवर तर थोडं ओलं असतानाच काढतात."

"त्यांचे ओव्हन वेगळे असतात."

तिनं मान हलवली आणि दार लावलं. चारही भांडी तिनं काडी कोरी निघेपर्यंत ठेवली. मी मटार सोलत बसले होते.

दुसऱ्या दिवशी क्लासमधून फोन आला, तिचा लागेना म्हणून माझ्याकडे. "काकू, बिस्किटासारख्या झाल्या होत्या हो. पोरांनी टाकून दिल्या. पुढच्या वेळी तुम्हीच करा." फोन स्पीकरवर होता. मीच ठेवला होता. ती बेसिनपाशी उभी राहून रडली आणि मग मलाच विचारते, "आई, माझं काय चुकलं?" मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, "हात बसायला वेळ लागतो. रडू नको." माझा आवाज इतका मऊ निघाला की मीच दचकले.

आई, भंडाऱ्याच्या त्या संध्याकाळी तू मला जवळ बसवून माझ्या डोक्याला तेल लावलंस. आयुष्यात एकदाच. "हात बसाले टाइम लागते, रडू नको," असं म्हणत सावकाश तेल जिरवलंस आणि वेणी घातलीस. ती संध्याकाळ मी जपून ठेवली होती. तू गेलीस तेव्हा रडायला मला तेवढीच एक गोष्ट सापडली. नवऱ्याला सांगितली, मुलाला सांगितली, माझी आई कडक होती पण माया होती तिला. परवा सुनेच्या पाठीवर हात ठेवल्यावर मला समजलं की आपण जिंकलो की हात कसा आपोआप मऊ पडतो. मला त्या वेळी तिच्याबद्दल खरंच फार प्रेम वाटलं. तुलाही वाटलं असेल. माझ्याजवळ तुझं म्हणून तेवढंच होतं, आणि आता तेही राहिलं नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. ठेवायचंही नाही, कारण माझं कपाट तीच आवरते. शनिवारी तिची दुसरी ऑर्डर आहे. आज सकाळी तिनं विचारलं, या वेळी पाच मिनिटं कमी ठेवून बघू का? मी म्हटलं, "नको, तेवढंच ठेव."