परीक्षा शांततेत पार पडली

मी, वय सदुसष्ट, माध्यमिक शाळेतली निवृत्त गणित शिक्षिका, शुद्धीवर राहून, कुणाच्या दबावाविना हे लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला खालच्या मजल्यावर दवाखाना असलेल्या डॉक्टरांनी दिला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांना काही विचारू नये.

१. चौकावरचं हे दोन खोल्यांचं घर माझ्या भाचीला द्यावं. समोर पक्षाचं कार्यालय असल्यामुळे ते कुणी विकत घेत नाही आणि आम्हाला ते सुटत नाही. तिने इथे राहिलंच पाहिजे, अशी माझी अट नाही.

कारणही लिहिते. तिचे वडील, म्हणजे माझा भाऊ, गेल्यापासून ती माझ्याकडे वाढली. नववीत तिला गणितात एक्क्याण्णव गुण होते. दहावीच्या सराव परीक्षेत पेपर सुरू असताना शाळेबाहेर, याच चौकात गोळीबार झाला. मुख्याध्यापकांनी शिपायाकडून फाटकाला बाहेरून कुलूप घालून घेतलं. मुलं बाकांखाली बसून लिहीत होती. वर्गावर मी होते. "लिहीत राहा," एवढंच मला सुचलं.

भाचीने एकच उदाहरण अकरा वेळा लिहिलं होतं. मी तिला चौतीस गुण दिले. पस्तिसावा कुठून देणार, असं स्वतःला समजावलं.

निकालाच्या दिवशी ती म्हणाली, "आत्या, तू तिथेच होतीस ना?"

"होते."

"मग तुला काय दिसलं?"

मी उत्तर दिलं नाही. तिने पुन्हा पुस्तक उघडलं नाही. आज ती झेरॉक्सच्या दुकानात दुसऱ्यांच्या मुलांच्या प्रश्नपत्रिका छापते. या नऊ वर्षांत आम्ही भाजी, पाणी, वीज सगळ्यांवर बोललो, यावर नाही.

२. त्या वर्गातली त्रेचाळीसपैकी एकतीस मुलं नापास झाली. मुख्याध्यापकांनी अहवालात लिहिलं, 'परीक्षा शांततेत पार पडली.' पर्यवेक्षक म्हणून त्याखाली सही माझी आहे. ती सही मी आज मागे घेते. मुख्याध्यापकांना माझ्या अंत्यविधीला बोलावू नये. आलेच तर भाषण करू देऊ नये.

३. कपाटातल्या पुस्तकांपैकी भूमिती शेजारच्या शिंपीणबाईंच्या मुलीला. तिला गुण विचारू नयेत.

४. भाची, तुझं उत्तर राहिलं होतं. तू तेच उदाहरण पुन्हा पुन्हा लिहिताना मला दिसली होतीस. मी बघितलं, आणि घड्याळाकडे वळले.

हे मृत्युपत्र वाचून, समजून, खाली नमूद साक्षीदारांसमोर सही केली.

साक्षीदार: खालचे डॉक्टर, शाळेच्या निवृत्त ग्रंथपाल. रस्ता बंद असल्याने दोघांनाही घरी जाता आलेलं नाही, ते इथेच बसले आहेत.

स्थळ: राहतं घर.
दिनांक: चौदा मार्च. आज दहावीचा गणिताचा पेपर होता. पुढे ढकलला आहे.