वाढविसर

प्रिय अब्बा,

तुम्ही मस्कतला गेल्यापासून माझा वाढदिवस दरवर्षी विसरता, म्हणून अम्मीनं त्याचं नाव ‘वाढविसर’ ठेवलं. तुमच्या लग्नाची तारीख हुकली, तेव्हा मी म्हटलं, “हे तर ‘लग्नविसर्जन’!” अम्मी हसली, मग खाडीकडे बघत राहिली.

काल संध्याकाळी घणसोली केशरी झाली होती. शेजारच्या मीनाकाकूंनी हाक मारली, “इक्रा, पळ, अब्बांचा फोन!”

“वाढदिवस मुबारक, बेटा! या वेळी विसरलो नाही बघ,” तुम्ही म्हणालात.

वाढदिवसाला अजून महिना आहे. पण तुमचा आवाज इतका खूश होता, की मी “शुक्रिया, अब्बा” एवढंच म्हटलं. अम्मीनं लगेच शेवया केल्या. आम्ही दोघींनी गॅलरीत बसून खाल्ल्या.

हे पत्र मी टाकणार नाही.

कालपासून सतरा वर्षांची झालेली,
तुमची इक्रा