गंध पिणारं मीठ

६ एप्रिल, रविवार
सुएझ. एकोणचाळीस वर्षं मुलांकडून कविता घोकून घेतल्यावर आज पुन्हा नोकरी लागली, तीही नाकाची! तेलशुद्धीकरण कारखान्यामागच्या लहानशा प्रयोगशाळेत डॉक्टर इंशिराह बाई डिझेलमधलं गंधक काढतात. ते मोजायचं यंत्र महिन्यातले वीस दिवस आजारी, म्हणून तिथल्या बयूमीने माझं नाव सुचवलं. तो आमच्याच गल्लीतला. वसंताच्या सणाला गल्लीतला प्रत्येक फिसीख, म्हणजे खारवून मुरवलेला मासा, आधी माझ्या नाकाखालून जातो. मासा विषारी असला तर मी मान झटकन मागे घेतो. नाही घेतली की लोक भाकरी मोडतात. बयूमी बाईंना म्हणाला, उस्ताद वगदींचं नाक यंत्राहून जुनं, पण बंद पडत नाही.

सगळी करामत एका मिठाची. पातळ मीठ, मधासारखं, आच न देता वितळलेलं. डिझेलबरोबर घुसळून स्वस्थ ठेवलं की ते खाली बसतं आणि गंधक आपल्याकडे ओढून घेऊन काळं पडतं. त्याला स्वतःचा वास नाही. ते वाळत नाही, उडून जात नाही. मी आधी आणि नंतर हुंगून चिठ्ठी लिहायची. नंतरचं डिझेल हुंगताना जुन्या अरबी कवितांतला तांड्याचा तळ आठवला. चुलीची राख तेवढी उरलेली, माणसं कधीच निघून गेलेली.

९ एप्रिल, बुधवार
हातमोजे घालून अक्षर वळणदार येत नाही, म्हणून काढले. बाई रागावल्या. म्हणाल्या, उस्ताद, मीठ नवं आहे, कातडीतून कुठवर शिरतं ते कुणालाच ठाऊक नाही. तीनदा साबण लावला. अंगठा अजून बुळबुळीत आहे.

१४ एप्रिल, सोमवार
जेवताना बयूमीने कांदा बुक्कीने फोडला आणि म्हणाला, आता बघा, बाई पळतात. बाई खरंच खिडकीशी गेल्या. मला काहीच वास आला नाही. सर्दी असेल. दुपारी न घुसळलेलं डिझेल हुंगून चिठ्ठीवर ‘निर्मळ’ लिहिलं. मग लेबल पाहिलं आणि चिठ्ठी फाडली.

१७ एप्रिल, गुरुवार
मिठाची बरणी तीन दिवस झाकून ठेवलेली आहे. कुणी त्यात काही घातलं नाही, तरी ते रोज काळं होतंय.
घरी पेटीतून माझ्या बायकोची, फिक्रियाची शाल काढली. ती गेल्यावर अकरा वर्षं त्या शालीत लवंग होती, ती होती. आज नुसती लोकर.

२० एप्रिल, रविवार
उद्या सण. मुलाने नव्या दुकानातून फिसीख आणलाय. बयूमीला सांगितलं, माझं नाक गेलं. तो हसला. म्हणे, मग तुमच्याकडे उरलं काय, कविता? परत सांगायचा धीर झाला नाही.
बरणी आता शाईसारखी.

२१ एप्रिल, सोमवार
कालव्याकाठी गवतावर सगळी गल्ली. नऊ वर्षांची रीहाम, माझी नात, ताट नाकाशी घेऊन आली. म्हणाली, गिद्दू, लवकर सांग ना, पोटात कावळे ओरडतायत. मी वाकलो. काहीच नाही. मान मागे घ्यायचं सुचलंच नाही, आणि तेवढ्यात सगळ्यांची बोटं ताटात. थांबा म्हणालो. बयूमी म्हणाला, उस्तादांना आधी कविता म्हणायचीय. सगळे हसले. रीहामने दुसरा तुकडाही—
मग मीही खाल्ला.

२२ एप्रिल, मंगळवार
ओळी दोन-दोन दिसतात. जीभ जड. मुलगा म्हणतो, ऊन लागलं. रीहाम पुस्तक डोळ्यांशी नेते, लांब धरते — पापण्या खाली येतात तिच्या —

२३ एप्रिल
इस्पितळ. गल्लीतले सहा जण. उतारा कैरोहून निघालाय म्हणतात. कधी — कुणी सांगत नाही.
डॉक्टरने विचारलं, माशाला वास येत होता का. मुलगा म्हणाला, छे, आमच्या वडिलांनी हुंगला होता.
मी बोललो. आवाज आला नाही.

दुपार
पेन दोन्ही हातांत. रीहाम शेजारच्या खाटेवर. डोळे उघडत नाहीत, पण ऐकू येतं तिला, नर्स म्हणते. कुणीतरी हे तिला वाचून — रीहाम, मला त्या दिवशी वास