जोडीचा कन्व्हर्टर

१४ नोव्हेंबर

प्रिय चिमणीस,

ताईचे आशीर्वाद. गुडघा कसा आहे ते नीट कळव. नुसतं ‘ठीक आहे’ लिहिलंस तर मी पत्र परत पाठवीन. इकडे सगळं ठाकठीक, गाडी सोडून.

माझ्या गाडीचा गिअरबॉक्स गेल्याचं तुला ठाऊक आहेच. ऑटोमॅटिक गाडीचा जुना, चालू गिअरबॉक्स मिळणं कठीण. तेवढ्यात तुझ्या चिरंजीवांचा फोन आला, “मावशी, आईची गाडी उभीच आहे, तिचा घेऊन टाका.” मला वाटलं, तूच सुचवलं असशील. माझा मिस्त्री तुमच्याकडे जाऊन तो काढून घेऊन आला.

आणि घोडं अडलं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाने भरलेला एक जाडजूड गोल डबा असतो, टॉर्क कन्व्हर्टर. या शहाण्याने तो तुझ्या इंजिनालाच ठेवला. म्हणे, “गाड्या सेम टू सेम, तुमचाच वापरू.” सेम कसल्या? रंग तेवढा सेम! माझा कन्व्हर्टर तुझ्या गिअरबॉक्समध्ये पुरता शिरेना, बोटभर बाहेरच.

“बोल्ट आवळले की जाईल आत.”

“आणि नाही गेला तर?”

“तर आतला पंप फुटेल.”

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, मुलींनी आवाज चढवू नये. त्या कधी गॅरेजात गेल्या नसाव्यात.

जोडीचाच कन्व्हर्टर हवा, म्हणून चिरंजीवांना फोन केला. “न्या की मावशी, गाडी भंगारातच द्यायचीय.” मी विचारलं, “आईला विचारलंस?” तर म्हणतो, “आईला काय कळतंय त्यातलं!”

त्याला शाळेत, क्लासला, दवाखान्यात कोणी नेलं? आपोआप पोहोचायचा का? एकदा फाटकाला गाडी घासली म्हणून आईची किल्ली काढून घेतो, हेही मला त्याच्याच तोंडून कळलं. फाटक जिवंत आहे ना? आणि तू! मला एका शब्दाने बोलली नाहीस. ‘त्याचंही बरोबर असेल’ असं पुटपुटून गप्प बसली असशील. ओळखून आहे मी तुला.

तर मी मिस्त्रीला सांगितलं, गिअरबॉक्स तुझ्या गाडीत होता तिथे परत बसव, त्याच्याच कन्व्हर्टरवर. माझे नवे टायर आणि बॅटरीही तिलाच लाव.

तो माझ्याकडे बघतच राहिला. “बाई, मग तुमची गाडी?”

“भंगारात.”

आता वाचून हळहळत बसू नकोस. फार उदार झालेय असंही समजू नकोस. दिवेलागणीनंतर मला प्रत्येक दिव्याभोवती कडं दिसतं. डॉक्टर म्हणतात, दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करावं लागेल, तोवर गाडीला हात लावायचा नाही. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. ऑपरेशनला मला कोणीतरी घेऊन जायला हवं, आणि तुझ्या चिरंजीवांच्या शेजारी मी बसणार नाही.

शनिवारी गाडी सुरू होईल. तू मागे माझ्याकडे ठेवायला दिलेली दुसरी किल्ली मिस्त्रीकडे दिली आहे. ती तुझ्याच हातात द्यायची, असं बजावलंय. आधी गल्लीत दोन फेऱ्या मार. फाटक सताड उघडून ठेव.

तुझ्या शेजारच्या सीटवर तोंड मिटून बसण्याचा सराव करणारी,

तुझी ताई